डॉ. दत्ता सामंत : मागे न घेतलेल्या संपाचा नेता

मालवण तालुक्यात कर्ली नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे देवबाग हे गाव आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खुला समुद्र आणि मधोमध माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी असा या गावाचा आकार. आज तारकर्लीला येणारा पर्यटक पुढे देवबागेपर्यंत जातो, संगमावरून नावेने फेरी मारतो आणि परततो. मुंबईच्या कामगार चळवळीतील सर्वांत वादग्रस्त पुढारी याच वाळूच्या पट्टीवर जन्मला होता, हे त्याच्या कानावर सहसा पडत नाही. डॉ. दत्तात्रय नारायण सामंत यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ रोजी देवबाग येथे झाला. त्या वेळी हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचे भोंगे बंद पडले.

त्यांच्याविषयी मध्यम मत असणारा माणूस मिळणे कठीण. चाळीत राहणाऱ्या अनेक कामगारांच्या लेखी ते केवळ डॉक्टरसाहेब होते. त्यांचा शब्द पडला की यंत्र थांबत असे. कारखानदारांच्या आणि सुशिक्षित मध्यमवर्गाच्या दृष्टीने मुंबईच्या औद्योगिक वैभवाला चूड लावणारा तो हट्टी माणूस होता. कम्युनिस्टांना ते विचारशून्य वाटत, काँग्रेसवाल्यांना बेशिस्त, तर शिवसेनेला प्रतिस्पर्धी. गिरणगाव कोणी संपविला, या प्रश्नाचे उत्तर देताना आजही पहिले नाव त्यांचेच घेतले जाते. ते उत्तर कितपत खरे आहे, हे पाहायचे तर त्यांच्या आयुष्याचा माग काढावा लागतो.

दक्षिण कोकणातील घराला मुंबई ही कधीच परकी नव्हती. पावसाळ्यात भाताचे एक पीक, थोडे माड, थोडी मासेमारी एवढ्यावर मोठे कुटुंब पोसले जात नसे. घरातील एक तरी कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा एखाद्या पेढीत असायचाच. त्याने पाठविलेल्या मनीऑर्डरीवर सावकाराचे देणे फिटे, घराची कौले बदलली जात आणि गणपतीचा सण साजरा होई. लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड या भागांत एकेका गावाच्या नावाने खोल्या होत्या. त्यांत पाळीपाळीने झोपणारी माणसे पगाराचा मोठा वाटा गावी धाडत आणि खानावळीत जेवत. गिरणी कामगाराचे अर्धे शरीर मुंबईत आणि अर्धे गावी असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. पुढे १९८२ चा संप इतका लांबला आणि तो मोडल्यावर त्याची झळ इतक्या दूरवर पोहोचली, याचे कारण या दुहेरी जगण्यात होते.

मध्यमवर्गीय घरातील दत्तात्रय मात्र गिरणीत गेला नाही. तो वैद्यकीच्या शिक्षणासाठी परळच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या के. ई. एम. रुग्णालयात दाखल झाला. ही संस्था गिरणगावाच्या ऐन मध्यावर होती. एम.बी.बी.एस. झाल्यावर डॉ. सामंतांनी घाटकोपरच्या पंतनगर भागात दवाखाना थाटला. तेथे येणारे बरेचसे रोगी जवळपासच्या दगडखाणींत आणि लहानसहान कारखान्यांत राबणारे होते. त्यांना औषध लिहून देणे सोपे होते; पण ज्या मजुरीत दोन वेळचे अन्न भागत नव्हते, त्या मजुरीत ते औषध विकत कोठून घेणार? जखमेला टाका घालून ज्या माणसाला परत पाठवायचे, तो पुन्हा त्याच खाणीत, त्याच परिस्थितीत उतरणार होता. या अनुभवातून साठच्या दशकात त्यांनी खाण कामगारांची संघटना बांधली आणि पहिले लढे लढविले. डॉक्टरकी हळूहळू मागे पडली, तरी डॉक्टर हे बिरुद मात्र अखेरपर्यंत टिकले. मुंबईतील कामगार पुढाऱ्यांत पुस्तकी साम्यवादातून आलेले होते, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले होते. दवाखान्यातून आलेला हा एकटाच होता.

सुरुवातीला ते काँग्रेसमध्ये आणि तिच्याशी संलग्न अशा इंटकमध्ये होते. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर ते महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातील संघर्षाला हिंसक वळण लागले आणि त्यांच्या नावाभोवती दहशतीचे वलय तयार झाले. ते वलय पुढे कधीच पुसले गेले नाही. प्रतिस्पर्धी संघटनांच्या कार्यकर्त्यांशी मारामाऱ्या, व्यवस्थापकांवर हल्ले असे आरोप त्यांच्या संघटनांवर वारंवार झाले. त्यांतील काही राजकीय हेतूने झाले असतील. पण त्यांच्या झेंड्याखाली झालेल्या लढ्यांत रक्त सांडले, हे नाकारता येत नाही. आणीबाणीत तर सत्ताधारी पक्षाचे असूनही त्यांना तुरुंगात जावे लागले. या तुरुंगवासाने त्यांचे नुकसान होण्याऐवजी लौकिकच वाढला. १९७७ मध्ये ते बाहेर आले तेव्हा आपल्या पक्षाच्या सरकारनेही ज्याला विकत घेता आले नाही असा पुढारी, अशी त्यांची प्रतिमा कामगारवस्तीत झाली होती.

त्यानंतरची चार-पाच वर्षे त्यांच्या उत्कर्षाची होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यापासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सपर्यंत अनेक कारखान्यांतील कामगार जुन्या संघटना सोडून त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांची कार्यपद्धती रूढ कामगार संघटनांहून वेगळी होती. वर्षानुवर्षे न्यायाधिकरणात दावे चालवायचे, महागाई भत्त्याच्या सूत्रांवर युक्तिवाद करायचे, कंपनीचा ताळेबंद मांडून पगारवाढीची ऐपत सिद्ध करायची, हा जुन्या संघटनांचा रिवाज. सामंतांनी तो गुंडाळून ठेवला. कंपनीचा नफातोटा ही मालकाची चिंता. कामगाराला जगायला किती लागते, हा आपला प्रश्न, अशी त्यांची सरळ भूमिका होती. मोठ्या रकमेची मागणी करायची, संप पुकारायचा आणि मालक थकेपर्यंत थांबायचे. आधुनिक अभियांत्रिकी व रासायनिक कारखान्यांत यंत्रे महाग असत, नफा भरपूर असे आणि काम बंद ठेवणे मालकाला परवडत नसे. त्यामुळे ही पद्धत तेथे यशस्वी ठरली. शेकडो रुपयांच्या वाढी पदरात पडू लागल्या. काही ठिकाणी मात्र संप महिनोन्‌महिने चालले, कारखाने बंद पडले आणि कामगार रस्त्यावर आले. विजयाच्या बातम्या एका चाळीतून दुसऱ्या चाळीत पोहोचत. पराभवाच्या तितक्याशा पोहोचत नसत.

कापड गिरण्यांचे जग या कारखान्यांपेक्षा वेगळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालेल्या या धंद्यातील यंत्रे अनेक ठिकाणी जुनाट झाली होती. मालकांनी नफा नव्या यंत्रांत गुंतविण्याऐवजी इतर उद्योगांत वळविला होता. भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर कापड स्वस्तात विणून घेता येत होते. गिरणी कामगाराचे वेतन एके काळी मुंबईतील इतर कामगारांपेक्षा चांगले समजले जाई. १९८० पर्यंत तो अभियांत्रिकी कामगाराच्या बराच मागे पडला. शिवाय हजारो बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत आणि काम मिळाले तर आत जात, नाहीतर घरी परतत. वर्षानुवर्षे बदलीवर काढलेले लोक होते.

या कामगारांना आपला पुढारी निवडण्याचा हक्क व्यवहारात नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकच संघटना प्रातिनिधिक मानली जाई. हा मान इंटकप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. वाटाघाटी फक्त त्यानेच करायच्या आणि त्याने केलेला करार सर्वांवर बंधनकारक. त्याच्याविरुद्ध पुकारलेला संप बेकायदा ठरे. संघावर कामगारांचा राग होता, पण तो व्यक्त करण्याची कायदेशीर वाट बंद होती. एके काळी गिरणगावावर लाल बावट्याचे राज्य होते. सत्तरच्या दशकापर्यंत तेही ओसरले होते. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेने जिंकली. गिरणगावात एक पोकळी निर्माण झाली होती आणि सामंत तिच्या तोंडाशी उभे होते.

१९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावर ठिणगी पडली. संघाने मान्य केलेला बोनस अपुरा वाटल्याने काही गिरण्यांतील कामगारांनी काम थांबविले. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलमधील कामगार यांत पुढे होते. ते थेट घाटकोपरला सामंतांकडे गेले. एम्पायर डाइंगमध्ये सामंतांनी भरघोस पगारवाढ मिळवून दिल्याचे सर्वांना ठाऊक होते. या लढ्यात उडी घेण्याची सामंतांना प्रारंभी घाई नव्हती. कापड धंद्याचा कायदा वेगळा आहे आणि लढा दीर्घ होईल, याची त्यांना जाणीव होती. पण मोर्चे वाढत गेले, एकेका गिरणीचे कामगार येऊन नेतृत्व घेण्याचा आग्रह धरू लागले. हा तपशील महत्त्वाचा आहे. सामंतांनी भोळ्या कामगारांना भरीस घातले, असे चित्र नंतर रंगविले गेले. प्रत्यक्षात कामगारांनी आपल्या पसंतीने, आपल्या संतापाने हा पुढारी शोधून काढला होता.

६ जानेवारी १९८२ रोजी एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला आणि १८ जानेवारीपासून बेमुदत संप सुरू झाला. सुमारे ६० गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे या त्यांतील मुख्य मागण्या. पहिल्या दोन मागण्यांवर तडजोड शक्य होती. तिसऱ्या मागणीने मात्र संपाचा रोख बदलला. हा कायदा गेला असता तर राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मक्तेदारी संपली असती आणि तिच्याबरोबर मुंबईतील काँग्रेसच्या कामगार राजकारणाचा पायाही ढासळला असता. आज गिरण्या सामंतांच्या हाती गेल्या तर उद्या गोदी आणि रेल्वेही जाईल, ही भीती दिल्लीला होती. इंदिरा गांधींच्या सरकारने न झुकण्याचे धोरण धरले. राज्यात तर सत्तेचाच ठिकाणा नव्हता. संप सुरू झाला त्याच आठवड्यात अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये त्यांच्या जागी वसंतदादा पाटील आले. निर्णय अर्थातच दिल्लीत होत होते. महिना ३० रुपयांची अंतरिम वाढ आणि ६५० रुपयांची उचल एवढाच देकार पुढे आला. तो संघामार्फत द्यावयाचा होता, सामंतांशी बोलून नव्हे. कामगारांनी तो धुडकावला.

मालकांना तर घाई नव्हतीच. अनेकांच्या गोदामांत न खपलेला माल पडून होता; संपाने तो खपला. कापड यंत्रमागांवरून येत राहिले. तोट्यातील गिरणी बंद ठेवण्यात फायदा असतो, हे मालकांना उमगले होते. मालक थकेपर्यंत थांबायचे, हे सामंतांचे हमखास शस्त्र येथे उलटले. या वेळी थकणारा पक्ष दुसरा होता.

पहिले काही महिने गिरणगाव एकजुटीने उभा राहिला. सभा, मोर्चे, तुरुंग भरण्याचे कार्यक्रम झाले. इतर कारखान्यांतील कामगारांनी वर्गणी दिली, गावागावांतून धान्य गोळा झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबई पोलिसांचा असंतोष उफाळला, तेव्हा गिरणगावही पेटला. संपकऱ्यांतील असंख्य लोक पावसाळ्यापूर्वी गावी गेले. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या घाटावर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्या साली शेतावर एकाएकी जास्त हात दिसू लागले. गाव हा संपाचा मोठा आधार होता. मात्र तो आधार मुंबईच्या पैशावरच उभा होता. मनीऑर्डर थांबली आणि जो माणूस ती पाठवीत होता तोच आता घरातील भाताचा वाटेकरी झाला. दुकानदाराची उधारी वाढली, सोनेनाणे गहाण पडले, मुलांच्या शाळा सुटल्या. मुंबईत खानावळी चालविणाऱ्या बायकांचे महिन्याचे गणितच कोलमडले, कारण जेवणारे गावी गेले होते आणि उरलेल्यांकडे द्यायला पैसे नव्हते. संपाचा इतिहास सांगताना या बायकांचा उल्लेख क्वचितच होतो, पण संपाची किंमत त्यांनीही पुरेपूर मोजली.

वर्ष उलटले तरी तोडगा निघाला नाही. १९८३ मध्ये कामगार गटागटाने कामावर परतू लागले. परतणाऱ्यांना जुन्या नोकरीची हमी नव्हती. गिरण्यांनी निवड करून माणसे घेतली, कित्येकांना कायमचे बाहेर ठेवले. केंद्र सरकारने ऑक्टोबर १९८३ मध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. लाखाच्या आसपास, काहींच्या मते त्याहून बरेच अधिक कामगार देशोधडीला लागले. औद्योगिक संबंध कायदा होता तसाच राहिला. आणि संप? तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला.

सामंतांवरील सर्वांत गंभीर आक्षेप येथेच उभा राहतो. लढा सुरू करणाऱ्या सेनापतीला माघारीची वाटही ठाऊक असावी लागते. संपाच्या पहिल्या सहा महिन्यांत, कामगारांची ताकद शाबूत असताना, काही तरी पदरात पाडून लढा थांबविता आला असता, असे त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. सामंतांनी कापड धंद्याचे वेगळेपण ओळखले होते, पण आपली पद्धत त्यांनी बदलली नाही. दुसऱ्या फळीतील नेतृत्व त्यांनी वाढविले नाही. सारे निर्णय एका माणसाभोवती फिरत राहिले. ताळेबंद न पाहण्याचा त्यांचा बाणा नफ्यातील कारखान्यात धारदार ठरला होता. ज्या मालकाला गिरणी नकोच होती आणि तिच्याखालची जमीन हवी होती, त्याचा ताळेबंद मात्र पाहणे आवश्यक होते. दुसऱ्या बाजूने हेही ध्यानात घ्यावे लागते की सरकारने त्यांच्यासाठी माघारीची वाट ठेवलीच नव्हती. ज्याच्यामागे अडीच लाख कामगार उभे आहेत त्याच्याशी बोलायचे नाही आणि ज्याच्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही त्याच्याशीच करार करायचा, हे धोरण संप मिटविण्याचे नव्हते. ते संप मोडण्याचे होते.

एवढ्या पराभवानंतर कामगारांनी त्यांना दगड मारले असतील, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. डिसेंबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट आली. त्या लाटेत गिरणगावाचा समावेश असलेल्या मुंबई दक्षिण-मध्य मतदारसंघातून सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. ज्यांची घरे संपाने मोडली होती, त्यांनीच हे मत दिले होते. पराभवाचा दोष कोणाचा, याविषयी गिरणगावाचे उत्तर त्या मतपेटीत होते. त्यांनी स्थापन केलेली कामगार आघाडी मात्र राज्यव्यापी राजकीय शक्ती होऊ शकली नाही. १९८९ मध्ये या मतदारसंघातून शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले. ज्या चाळींनी सामंतांना दिल्लीला पाठविले, त्याच चाळींतील बेकार तरुण आता दुसऱ्या झेंड्याखाली गेले होते. काही तर झेंडा नसलेल्या टोळ्यांत शिरले.

नव्वदच्या दशकात प्रश्नाचे स्वरूप उघड झाले. दक्षिण-मध्य मुंबईतील गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती आणि तिचे मोल कापडाच्या कितीतरी पट झाले होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीच्या विकासाची दारे किलकिली केली. जमिनीभोवती बिल्डर, दलाल आणि गुन्हेगारी टोळ्या जमल्या. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला. सामंत या काळात जमीनविक्रीला विरोध करीत होते आणि बंद पडत चाललेल्या गिरण्यांतील कामगारांच्या देण्यांसाठी झगडत होते. १६ जानेवारी १९९७ रोजी सकाळी पवईतील घरून घाटकोपरच्या कार्यालयाकडे निघाले असता मारेकऱ्यांनी त्यांची गाडी अडवून गोळ्या झाडल्या. वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचा शेवट झाला. संपाला १५ वर्षे पूर्ण व्हायला दोनच दिवस उरले होते. प्रत्यक्ष हल्ल्यात सहभागी असलेल्या काहींना पुढे शिक्षा झाली. कटाचा आरोप असलेला कुख्यात गुंड छोटा राजन २०२३ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटला. त्यांना मारण्याची सुपारी कोणाच्या हिताची होती, हा प्रश्न न्यायालयात निर्णायकपणे सुटला नाही.

त्यानंतर गिरणगावात काय झाले, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. चिमण्या पाडल्या गेल्या, शेडच्या जागी मॉल, कार्यालये आणि उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना निघाली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि अर्जदार लाखाच्या वर. कित्येक अर्जदार तोपर्यंत कोकणातील किंवा घाटावरील आपल्या गावी परतले होते; कित्येकांच्या वतीने वारसांनी अर्ज केले होते.

गिरण्या सामंतांमुळे बंद पडल्या, हे विधान अर्धेच खरे आहे. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीचा भाव यांनी कापड धंद्याचे भवितव्य आधीच ठरविले होते. अहमदाबादच्या गिरण्यांनी असा संप पाहिला नाही. ऐंशीच्या दशकात त्यांतीलही अनेक बंद पडल्या. संपाने मुंबईतील शेवट लवकर आणला आणि कामगाराला तो रिकाम्या हाती गाठायला लावला, एवढी जबाबदारी सामंतांच्या पदरी पडतेच. मात्र त्यांच्यावर ती टाकताना, कामगाराला स्वतःचा पुढारी निवडू न देणारा कायदा आणि त्याचे रक्षण करणारे सरकार यांना मोकळे सोडता येत नाही. सिंधुदुर्गातील अनेक वाड्यांत आज सत्तरी-ऐंशीतले माजी गिरणी कामगार आहेत. त्यांनी त्या संपात नोकरी गमावली, भविष्य निर्वाह निधीसाठी खेटे घातले, मुंबईतील खोली सोडली. डॉक्टरांचे नाव निघाले की त्यांच्यातील बरेच जण हळहळतात. शिव्या देणारे थोडे आढळतात. ज्यांनी सर्वांत जास्त सोसले त्यांचा हा कौल, डॉ. दत्ता सामंतांचा इतिहास लिहिणाऱ्याला वगळता येणार नाही.